सातव्या आवृत्तीचं सुतक

ब्राउझरची नवी आवृत्ती आली, की सावे सर सुतक पाळत. ही कोटी नव्हे, आमच्या ऑफिसात खरोखरच तसं चालायचं. ज्या दिवशी पडद्यावर ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी सूचना झळके, त्या दिवसापासून आमच्या सगळ्या वेबसाइट त्या नव्या आवृत्तीत तपासून होईपर्यंत सर गोड खात नसत, कुणाच्या पूजेला जात नसत आणि कुणाला शुभेच्छाही देत नसत. एकदा ऐन दसऱ्याला मालकांनी पेढे आणले, तर यांनी हात मागे घेतला आणि हळूच म्हणाले, “मला नको. सुतक आहे.” नव्यानेच लागलेल्या रिसेप्शनवरच्या मुलीने घाबरून विचारलं, घरातलं कुणी गेलं का. सर म्हणाले, “अजून कळलेलं नाही. तपासतोय.”

आमचं ऑफिस वसई स्टेशनच्या पश्चिमेला, एका दवाखान्याच्या डोक्यावर होतं. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि जिन्यात कायम औषधांचा वास. तालुक्यातले डॉक्टर, बिल्डर, शाळावाले, रिसॉर्टवाले यांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो. पानांची मांडणी, रंग, चित्रं हे माझं काम. ती पानं वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये नीट दिसतात की नाही, हे तपासायचं काम हरेश्वर सावे यांचं. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं जिच्यातून बघायची ती खिडकी. त्या काळात दर खिडकीची तऱ्हा वेगळी असायची. एकीत ताठ उभं असलेलं पान दुसरीत कमरेत वाकायचं. आणि खिडकीची नवी आवृत्ती आली, की काल धडधाकट असलेलं पान सकाळी अंथरुणाला खिळलेलं सापडायचं.

सावे सरांचा चेहरा या कामासाठीच घडवल्यासारखा होता. उंच, सडपातळ, पांढरा फुल शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आणि आत्ताच स्मशानातून हातपाय धुऊन आल्यासारखी मुद्रा. सकाळी आले की नमस्कार नाही, हवापाण्याच्या गप्पा नाहीत. खुर्ची ओढायची आणि विचारायचं, “काय तुटलं?”

“काही नाही, सर,” आम्ही म्हणायचो.

“तुटलंय. आपल्याला दिसलेलं नाही, एवढंच.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून किती वेळा ऐकायचो, देव जाणे. आणि गंमत अशी, की संध्याकाळपर्यंत काहीतरी तुटलेलं निघायचंच.

त्यांच्या टेबलावर जुने, अवजड कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडलेले असत. एकावर ब्राउझरची पाचवी आवृत्ती, एकावर सहावी. मालक ते भंगारात द्यायला निघाले होते, तेव्हा सरांनी दोन्ही हात टेबलावर टेकून त्यांना अडवलं होतं. जगात अजून कुणीतरी पाचवीतून बघत असेल, त्याला काय दिसतं ते आपल्याला माहीत नको का, असं त्यांचं म्हणणं. त्या यंत्रांना ते ‘पाचवी’ आणि ‘सहावी’ अशीच हाक मारत, वर्गातल्या पोरींना मारावी तशी. पाचवी जरा मठ्ठ आहे, सहावी लबाड आहे, असे शेरे असायचे. सातवी आवृत्ती आली तेव्हा पहिल्या दिवशी पडद्याकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, “सहावी पास झालेल्याला सातवीत गेल्यावर सहावीचंच वाचता येईना. असली कसली शाळा?”

हे तपासणं ऑफिसपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. आम्ही विरारला चंदनसारमध्ये नवीन फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला सावे सर आले. नेमकं तेव्हा सुतक नव्हतं. हातात नारळ, पायात मोजे. हॉलमध्ये दोन पावलं टाकली आणि थांबले. मग वाकून त्यांनी बोटाच्या पेराने एक लादी वाजवली, शेजारची वाजवली आणि परत पहिली वाजवली. माझे मिस्टर प्रसाद घेऊन उभे होते. त्यांना सर म्हणाले, “ही पोकळ आहे. उठणार.” मिस्टरांनी त्या दिवशी मला एवढंच विचारलं, की तुमच्या ऑफिसात आणखी कुणी नव्हतं का बोलवायला. लादी पुढच्या उन्हाळ्यात उठली. तेव्हापासून मिस्टर त्यांचं नाव निघालं की गप्प बसतात.

ऑफिसातल्या एकाच्या लग्नाची पत्रिका आली, तर सरांनी ती उजेडात धरून वाचली. वधूच्या वडिलांच्या नावातली वेलांटी चुकली होती. लग्न दोन दिवसांवर, सगळ्या पत्रिका वाटून झालेल्या. तरी त्यांनी मुलीच्या घरी फोन करून ते सांगितलं. आम्ही विचारलं, आता सांगून काय उपयोग? ते शांतपणे म्हणाले, “त्यांना माहीत असलेलं बरं.” त्या घरच्यांनी लग्नात सरांना ओळख दिली नाही. सरांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. ते मांडवाच्या एका खांबाकडे बघत होते.

डबा ते एकटेच खात. भाकरी, एखादी भाजी, कधी सुक्या मासळीचं कालवण, सगळं नीटनेटकं. घरी कोण असतं, असं विचारलं तर म्हणत, “घरचे.” त्यापुढे कुणी विचारलं नाही. अशा माणसाच्या घरी जे कुणी असेल, त्याचं कसं चालत असेल, याची आम्हाला मागून चर्चा करायला आवडायची. माणूस आगाशीचा आहे, वाडी आहे, एवढं ठाऊक होतं.

सातव्या आवृत्तीने फार हाल केले. एका दातांच्या डॉक्टरांच्या साइटवर डॉक्टरांच्या फोटोवरच कवळीचं चित्र येऊन बसलं. एका रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव जेवणाच्या यादीवर चढला आणि पापलेट, सुरमई, कोलंबी अशी सगळी नावं निळ्या पाण्यात तरंगू लागली. रिसॉर्टवाल्याला ते आवडलं, म्हणाला, राहू द्या असंच. सातवी चालेल असं नवं यंत्र ऑफिसात एकच होतं, आणि ते मालकांच्या केबिनमध्ये. त्यामुळे आधी काय तपासायचं हे मालक ठरवत. पहिला बिल्डर, मग रिसॉर्ट, मग शाळा. सगळ्यांत शेवटी सुमनताईंचं वधू-वर सूचक केंद्र.

सावे सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की सुमनताईंचं आधी बघू या, त्यात माणसांचे फोटो आहेत. मालक हसून म्हणाले होते, लग्नाळू लोकांना थांबायची सवय असते.

सुमनताई निवृत्त शिक्षिका. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे केंद्र काढलं होतं. एके दिवशी त्या स्वतःच जिना चढून आल्या. धाप लागलेली, आणि चेहरा पडलेला. नालासोपाऱ्याला आचोळ्यात राहणारं एक कुटुंब अर्नाळ्याला मुलगी बघायला गेलं होतं आणि तणतणत परत आलं होतं. त्यांनी सुमनताईंना सुनावलं, की साइटवर बँकेत नोकरीला असलेली मुलगी दाखवता आणि पत्ता भलतीचाच देता. सुमनताई म्हणाल्या, “मी घरी उघडून बघितलं, माझ्याकडे सगळं बरोबर दिसतंय. मग त्यांनी बघितलं तरी काय?”

“तुमच्याकडे सहावी असेल,” सर म्हणाले. सुमनताईंना वाटलं ते इयत्तेबद्दल बोलताहेत. त्या म्हणाल्या, मी आठवी ते दहावी शिकवत होते.

सरांनी केबिनमध्ये जाऊन सातवीत पान उघडलं. आम्ही मागे उभे होतो. वरवर काहीच बिघडलं नव्हतं. डावीकडे फोटोंची रांग, उजवीकडे माहितीची. सरांनी बोट ठेवून एकेक वाचायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या-चौथ्या फोटोला सुमनताई मटकन खुर्चीत बसल्या. वरची जाहिरातीची पट्टी सातवीत जास्त जागा खात होती. तिच्या धक्क्याने फोटोंची रांग एक घर खाली सरकली होती, आणि माहितीची रांग जागच्या जागी होती. प्रत्येकाचं तोंड दुसऱ्याच्या आयुष्याशेजारी येऊन बसलं होतं. ‘पसंती कळवा’ हे बटण फोटोखाली असल्यामुळे तेही फोटोबरोबर सरकलेलं. माहिती वाचून लोक बटण दाबत होते, आणि पसंती जात होती भलत्याच घरी.

वरांच्या पानावर एक पंचावन्न वर्षांचे विधुर गृहस्थ अचानक तरुण इंजिनिअर झाले होते. त्यांना इतक्या पसंत्या आल्या होत्या, की ते बावरून जीवदानी देवीच्या डोंगरावर जाऊन नारळ फोडून आले होते. हे सुमनताईंनीच सांगितलं आणि आम्हाला हसू आवरेना. सर हसले नाहीत. ते वधूंच्या पानावर थांबले होते. बँकेतल्या मुलीच्या माहितीशेजारी अर्नाळ्याच्या ललिता मेहेरचा फोटो होता. साधा चेहरा, स्टुडिओतला पडदा, खांद्यावर नीट बसवलेला पदर.

सरांनी दुपारपर्यंत पान दुरुस्त केलं. सुमनताई तोवर बसून होत्या. बाकीच्या घरी त्या फोनवर सांगणार होत्या. अर्नाळ्याचा प्रश्न होता. ललिताच्या घरी एकामागून एक मंडळी येऊन गेली होती, आणखीही येणार होती, आणि तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. तिथे कोण सांगणार, आणि कोणत्या शब्दांत?

“मी जातो,” सावे सर म्हणाले. “तुटलं ते आपल्याकडून. सांगायला आपणच जायला पाहिजे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कदम मॅडम, तुम्ही चला. मुलीच्या घरचा विषय आहे, बाईमाणूस बरोबर असलेलं बरं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही विरारहून अर्नाळ्याची बस धरली. सर खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तीनच वाक्यं ठरवली आहेत. फोटो सरकले होते. आलेली मंडळी दुसऱ्या मुलीसाठी होती. चूक आमची आहे. “चौथं वाक्य बोललं, की माणूस सारवासारव करायला लागतो,” असं त्यांचं मत.

या माणसाला लादी पोकळ आहे हे सांगताना काही वाटलं नव्हतं. हा आता त्या घरात जाऊन, चहाचा कप हातात असतानाच, ती तीन वाक्यं बोलून मोकळा होणार.

मेहेरांचं घर समुद्राकडच्या गल्लीत. समोर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले, उन्हात चमकत होते. पडवीत खाटेवर ललिताचे वडील बसले होते. डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला, पण दाढी ताजी केलेली आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. आम्ही सुमनताईंच्या केंद्राकडून आलो आहोत, एवढं ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की मी नजर दुसरीकडे वळवली. ललिताची आई लगबगीने बाहेर आली. “बसा. पानी घ्या,” म्हणाली, आणि आत चहा टाकायला पळाली.

वडील बोलत होते. जीभ जड होती, तरी थांबत नव्हते. “इतकी वर्सं कोन इचारीत नव्हता,” ते सरांना सांगत होते. “आता कंप्युटरवर पोर दिसली, तं मानसं घरी याला लागली.”

चहा आला. सरांनी घसा साफ केला. ती तीन वाक्यं आता येणार, म्हणून मी कपाकडे बघत राहिले. काहीच ऐकू येईना. वर बघितलं, तर सर त्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत होते.

“फोटो नीट दिसतोय ना, ते विचारायला आलो होतो,” सावे सर म्हणाले.

सावे सरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

तेवढ्यात ललिताने मला आतून हाक मारली. ती गावातल्या बालवाडीत शिकवायची. फोटोतल्यापेक्षा वयाने थोडी मोठी वाटली, आणि पुष्कळ जास्त ठाम. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी राहून ती हळू आवाजात बोलायला लागली. पहिली मंडळी आली आणि त्यांनी बँक कुठली असं विचारलं, तेव्हाच तिला शंका आली होती. विरारच्या सायबर कॅफेत जाऊन तिने पान उघडून बघितलं. आपलं तोंड आणि दुसऱ्या कुणाचं तरी शिक्षण. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला ती गल्लीच्या तोंडाशीच गाठून खरं सांगत होती. कुणी तिथूनच परत जायचे. कुणी आलोच आहोत म्हणून चहा घ्यायचे आणि जायचे. घरी काही कळत नव्हतं. मुलगी सामोरी जाते, पाहुण्यांना घेऊन येते, एवढंच घरच्यांना दिसत होतं.

“मग सुमनताईंना कळवलं का नाही?” मी विचारलं.

ती पडवीकडे बघत म्हणाली, “झटका आल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेव म्हटलं तर जेवायचे नाहीत. पहिली मंडळी यायची होती, त्या दिवशी त्यांनी आईकडे आरसा मागितला.”

मग तिने विचारलं, “दुरुस्त केलंत ना?” मी हो म्हटलं. “बरं झालं. त्या बँकेतल्या मुलीचंही कुठेतरी असंच अडलं असेल. फक्त बाबांना सांगू नका. लोक यायचे थांबतील, ते मी बघून घेईन.”

मी बाहेर आले तर सर वडिलांना ब्राउझर समजावून सांगत होते. खिडक्या किती प्रकारच्या, कुठल्या खिडकीतून काय दिसतं. वडिलांनी विचारलं, आमची पोर सगळ्यांतून दिसते का? सर म्हणाले, “सगळ्यांतून. मी स्वतः बघितलंय.” हे मात्र खरं होतं.

निघताना आईने वर्तमानपत्रात बांधलेली सोड्यांची पुडी सरांच्या हातात ठेवली. घरची सुकवलेली कोलंबी आहे, एवढ्या लांब आलात, घेऊन जा म्हणाली. सर ती परत करायला गेले, पण बाई ऐकेना. मग पुडी दोन्ही हातांत धरून ते बसमध्ये चढले.

बसमध्ये मी त्यांना ललिता काय म्हणाली ते सांगितलं. आगाशी आलं. ते उठले, दोन पावलं गेले आणि मागे वळून म्हणाले, “उतरता का? चहा घेऊन जा.” आमच्या ऑफिसातल्या कुणाला असं बोलावणं कधी आलं नव्हतं. मी उतरले.

रस्ता सोडून आम्ही केळीच्या वाडीतल्या पायवाटेने चाललो होतो. सर पुढे, मी मागे. पाठमोरे असतानाच ते बोलायला लागले. त्यांना एक मोठी बहीण होती, विमल. लहानपणी तापात तिचे कान गेले होते, एक पूर्ण आणि एक अर्धा. तिला बघायला लोक यायचे. आई-वडील कानांचं सांगायचे नाहीत. लग्न झाल्यावर कळेल, तेव्हाचं तेव्हा, असा त्यांचा विचार.

“मी सांगायचो,” सर म्हणाले. “चहा व्हायच्या आत. खोटं सांगून कसं चालेल? मला अजूनही तसंच वाटतं.”

“मग?”

“मग काय? लोक उठून जायचे.”

“विमलताई काही म्हणाल्या नाहीत?”

“कधीच नाही. ती म्हणायची, एवढा चहा टाकलाय, तू तरी घे.”

पुढचं त्यांनी चालता चालताच सांगितलं. आई-वडील गेले होते. बहिणीचं झालं नाही म्हणून भावानेही केलं नव्हतं. घरचे म्हणजे इतकेच.

विमलताई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. पांढरे केस, गोल चेहरा, भावाच्या अगदी उलट. त्यांचा आवाज मोठा, कारण स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसे. “आला? ही कोन?” असं त्यांनी वाडीच्या पार टोकाला जाईल असं विचारलं. सरांनी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून, मी ऑफिसातली असल्याचं सांगितलं. मग पुडी पुढे केली. विमलताईंनी ती उघडून वास घेतला. कुठून आणलेस, असं विचारलं.

“अर्नाळ्याला,” सर ओरडून म्हणाले. “एका मुलीच्या घरी गेलो होतो. ऑफिसच्या कामाला.”

विमलताईंचा हात तांदळात थांबला. शेवटचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. त्यांनी भावाकडे बघितलं, हातातल्या पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, बरोबर आलेल्या बाईमाणसाकडे. डोळे भरून आले. “बगाया गेलता?” त्यांनी विचारलं. माझा हात धरला आणि मला जवळ बसवून घेतलं.

मी सांगायला तोंड उघडलं. सरांनी मान हलवली. “राहू द्या,” ते म्हणाले, इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

विमलताई आत जाऊन फडताळातले नवे कप काढत होत्या. कपांचा खणखणाट बाहेर ऐकू येत होता. सर ओट्याच्या कडेवर बसून राहिले. एवढ्या वर्षांत तो माणूस काही न तपासता बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

पुढे व्हायचं ते झालं. साइट नीट चालू लागली. विधुर गृहस्थ परत पंचावन्नचे झाले. बँकेतल्या मुलीचं त्याच वर्षी जमलं. अर्नाळ्याला येणारी मंडळी थांबली. मात्र रविवारी सावे सर तिथे जाऊ लागले. पहिल्या वेळी म्हणे, फोटो जरा अंधुक आहे, दुसरा मिळतो का बघायला. नंतर कारण सांगायचं त्यांनी सोडून दिलं. खाटेशेजारी स्टूल घेऊन ते बसत. ललिताचे वडील त्यांना समुद्राच्या गोष्टी सांगत, आणि रविवार म्हणून दाढी करत. ललिता चहा आणून ठेवायची आणि उंबऱ्यावर बसून ऐकायची. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळायचं, डब्याच्या वेळी. सर आता माझ्याशेजारी बसून जेवायला लागले होते, एवढा एक बदल. दर रविवारी निघताना विमलताई त्यांची कॉलर नीट करतात, हेही त्यांनी एकदा सांगितलं, आणि लगेच माझ्या पानातली चूक काढली.

पुढच्या वर्षी होळीनंतर ललिताचे वडील गेले. सर अंत्यविधीला गेले, दिवसांना गेले, आणि मग त्यांचं जाणं थांबलं. आता कुणाकडे जायचं? रविवारी ते घरीच राहिले, तेव्हा विमलताईंनी कारण विचारलं, असं ते डब्याच्या वेळी म्हणाले.

“काय सांगितलंत?” मी म्हटलं.

“मुलीकडून नकार आला, म्हणून सांगितलं.”

मी माझ्या डब्यातली भाजी त्यांच्या झाकणात वाढली.

सर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “दोन दिवस ती माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. ती काय बोलते ते मलाच ऐकू येत नव्हतं.”

ललिताला विचारलंत का कधी, असं मी धीर करून म्हटलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “नाही.”

पंधरा-वीस दिवसांनी ऑफिसात फोन वाजला. ललिता होती. साइटवरचं तिचं नाव काढून टाकायचं होतं. ते मी लिहून घेतलं. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, “सावे सर बरे आहेत ना? रविवारी येत नाहीत आता.”

मी जाऊन सरांना सांगितलं. ते सहावीच्या पडद्याकडे बघत होते. न वळता म्हणाले, “नेमकं काय म्हणाली?” मी सांगितलं. “तिचेच शब्द सांगा.” मी शब्दशः सांगितलं. “आणि?” “आणि काही नाही.” ते उठले आणि गॅलरीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. टेबलावरच्या त्यांच्या चहावर साय धरली.

पुढच्या रविवारी ते अर्नाळ्याला गेले, विमलताईंना घेऊन. दोनच बायका असलेल्या घरी एकटा पुरुष कसा जाणार, म्हणून. लग्न झालं का, असं लोक मला विचारतात. नाही झालं. कुणी कुणाला विचारलंच नाही. पण दोन्ही घरांचं जाणंयेणं राहिलं. ललिताची आई आणि विमलताई समोरासमोर बसून कोलंबी सोलतात, ललिता बालवाडीतल्या पोरांच्या गमती सांगते, आणि विमलताईंना ऐकू जावं म्हणून तिघीही मोठमोठ्याने बोलतात.

मीही कधीमधी जाते. विमलताईंची अजून तीच समजूत आहे. ज्या घरून नकार आला, त्याच घरची आपला भाऊ अशी काळजी घेतो, याचं त्यांना फार कौतुक. मला जवळ ओढून त्या हे कानात सांगतात, अगदी गुपित म्हणून, आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं. ललिता कोलंबीवरून मान वर करत नाही. सावे सर समोरच्या स्टुलावर बसलेले असतात, गळ्यापर्यंत बटणं लावून, खाली बघत.